साडूपेक्षा एक वॅट जास्त

शेषराव उमाळ्यांनी आपल्या पायांत नेमके किती वॅट आहेत हे मोजायचं मनावर घेतलं, आणि त्यानंतर बरेच महिने भिलाईच्या सेक्टर दहामधल्या त्यांच्या ब्लॉकात कोणाला स्वस्थता म्हणून मिळाली नाही.

तसं पाहिलं तर वॅट ही चीज शेषरावांना नवी नव्हती. उभा जन्म कारखान्याच्या वीज खात्यात गेलेला. तिथे मेगावॅटच्या खाली कोणी तोंड उघडत नाही. पण ती वीज कारखान्याची होती. स्वतःच्या मांड्यांमधून किती निघते हा प्रश्न त्यांना अठ्ठावन्न वर्षांत कधी पडला नव्हता, आणि तो पडला तो त्यांच्या साडूमुळे.

गुलाबराव ढोके हे त्यांचे साडू. शेषरावांच्या बायकोच्या, कांताबाईंच्या धाकट्या बहिणीचे, शीलाचे यजमान. दुर्गला मोहन नगरात राहणारे, रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले, वाळल्या शेंगेसारखे किडकिडीत गृहस्थ. त्यांच्या घरी एका जेवणावळीत, पंगत ऐन रंगात असताना, ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमचे साडभाऊ काही साधे नाहीत बरं. गेल्या साली सायकलच्या शर्यतीत डोंगरावरून असे उतरले, असे उतरले, का टेम्पोवाला बी पाहत राह्यला. कावून? तं हे टेम्पोतच होते!"

पंगत हसली. कांताबाई हसल्या. वाढणारा हसला आणि त्या हसण्यात त्यानं शेषरावांच्या पानात भाताऐवजी जिलबी टाकली.

गोष्ट खरी होती, हाच तर त्रास होता. शेषरावांनी दोन वर्षांपूर्वी एक डोंगरी सायकल घेतली होती. जाड दातेरी टायरांची, जिला घंटी नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही; भिंतीला टेकवल्याशिवाय जी स्वतःच्या पायावर उभी राहत नाही अशी. दर रविवारी ते तिच्यावर बसून मरोद्याच्या तलावाकडे जात. त्या जोरावर त्यांनी राजहऱ्याच्या बाजूच्या डोंगरात होणाऱ्या शर्यतीत, पंचावन्नच्या वरच्या गटात, नाव दिलं. अर्ध्या चढावर पायांनी राजीनामा दिला. मागून सामान गोळा करत येणाऱ्या टेम्पोनं त्यांना उचललं आणि झेंडे, दोऱ्या व उरलेली केळी यांच्याबरोबर खाली आणून ठेवलं. तोवर शेषरावांना त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नव्हतं. केळीही खाल्ली होती. पण साडूनं पंगतीत काढलं म्हटल्यावर प्रश्न इभ्रतीचा झाला.

त्यांची मुलगी भाग्यश्री रायपूरला खेळाडूंच्या दुखण्यांवर उपचार करायची. तिला त्यांनी फोन लावला.

"पप्पा, तुमचं सगळं अंदाजपंचे चाललंय," ती म्हणाली. "किती जोर लावता, कुठं कमी पडता, काही माहीत नाही. पहले नापो तो सही!"

आणि तिनं सायकलचे दोन पॅडल पाठवून दिले. साधे नव्हेत. पायाचा दाब मोजून किती वॅट शक्ती लागली ते हँडलवरच्या छोट्या पडद्यावर दाखवणारे. शेषरावांनी ते देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिलं आणि पाना हातात घेतला. उजवा पॅडल सुरळीत बसला. डाव्याचे आटे उलटे असतात, हे जगातल्या प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक आहे. शेषराव मात्र कारखान्यात यंत्रं सांभाळलेले, त्यामुळे कोणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी जुना पॅडल काढायच्या नावाखाली अर्धा तास तो जास्तीत जास्त घट्ट केला. शेवटी पाना निसटून बोटं सोलवटली, तेव्हा कांताबाई ओल्या फडक्यानं ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "अजी, उलटा फिरवून पाहा नं."

"तेच करून राहिलो होतो," शेषराव म्हणाले, आणि त्यांनी उलटा फिरवला.

आता परीक्षा. भाग्यश्रीनं सांगितलेली रीत सोपी होती: वीस मिनिटं, मध्ये न थांबता, जीव तोडून सायकल हाणायची आणि सरासरी किती वॅट निघाले ते पाहायचं. अडचण इतकीच, की सेक्टर दहामध्ये सकाळच्या वेळी वीस मिनिटं न थांबता जाणं हा माणुसकीला सोडून असलेला प्रकार मानला जातो.

पहिल्या फेरीला शेजारचे अरुणकुमार फाटकात उभे होते. "काय शेषरावजी, सकाळी सकाळी?" शेषरावांनी मान हलवली. दुसऱ्या फेरीला त्यांनी नुसता हात केला. तिसऱ्या फेरीला अरुणकुमारांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "काही हरवलं काय जी?" शेषरावांना धाप लागली होती, "नाही" म्हणायला तोंड उघडलं तर त्यातून नुसता "हा" निघाला. चौथ्या फेरीला अरुणकुमार स्कूटर काढून त्यांच्या बाजूनं चालू लागले.

"कोण पळालं? कुत्रं का?"

"हा... हा..."

"कोणत्या रंगाचं?"

अशा माणसाला टाकून जाणं शक्य नव्हतं. शेषराव थांबले. सगळं समजावून सांगितलं. तोवर आणखी दोघं जण काठ्या घेऊन कुत्रं शोधायला निघून गेले होते, त्यांना परत बोलावण्यात सकाळ संपली.

मग भाग्यश्रीनं घरातल्या घरात सायकल मारायचं एक लोखंडी स्टँड पाठवलं. मागचं चाक त्यात अडकवायचं, ते एका रुळावर घासत फिरतं आणि सायकल जागच्या जागी राहते. शेषरावांचं क्वार्टर वरच्या मजल्यावर. हॉलमधला दिवाण सरकवून त्यांनी तिथं ठाण मांडलं आणि एका दुपारी पॅडल मारायला सुरुवात केली.

आता, या स्टँडला गुळगुळीत टायर लागतं. डोंगरी सायकलचं दातेरी टायर त्याच्यावर फिरलं की काय आवाज होतो, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. कपाटातली भांडी आधी किणकिणली, मग खणखणली. भिंतीवरचे स्वर्गवासी वडील तिरके झाले. वीस मिनिटांनी शेषराव दिवाणावर आडवे पडले आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वाच."

"एकशे बेचाळीस," कांताबाईंनी वाचलं. मग म्हणाल्या, "अजी, आपला मिक्सर पाचशेचा हाये."

"तुझा मिक्सर वीस मिनिटं सलग चालवून दाखव."

"तसा चालवला तं जळून जाते तो."

"मी जळलो का?"

कांताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पंखा वाढवला.

त्याच संध्याकाळी मागच्या ब्लॉकातल्या एक बाई गव्हाचा डबा घेऊन दारात आल्या. "बरं झालं बाई, घराजवळच सोय झाली. जरा बारीक दळजा, पोळ्यांचं हाये." आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक रहिवासी समितीची नोटीस आली. समितीचे सचिव शालिकराम खालच्याच क्वार्टरमध्ये, बरोबर शेषरावांच्या हॉलखाली राहत. नोकरी सगळी कचेरीत झालेली. आता निवृत्तीनंतर ती सवय कुठंतरी मुरवायची म्हणून ते समिती चालवत. रोज जिन्यात भेटणारा हा माणूस, पण नोटीस टपालानं आली. विषय: आवासीय क्वार्टर में आटाचक्की का अनधिकृत संचालन.

शेषरावांना हसू आलं. त्यांनी तितक्याच शुद्ध हिंदीत उत्तर धाडलं, की उक्त यंत्र से आटा नहीं, केवल एक सौ बयालीस वॉट शक्ति उत्पन्न होती है. हे वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं आणि आपल्यावरच खूश झाले. तिथंच चूक झाली. चार दिवसांनी दुसरी नोटीस आली. विषय: आवासीय क्वार्टर में विद्युत का अनधिकृत उत्पादन. समिती रविवारी जागेवर येऊन पाहणी करेल.

समिती आली. पाच जण दिवाणावर दाटीवाटीनं बसले. कांताबाईंनी पोहे दिले. शालिकरामांनी चष्मा लावून सायकलीखाली वाकून पाहिलं.

"जनरेटर कुठं हाये?"

"मीच हाये जनरेटर," शेषराव म्हणाले आणि त्यांनी पॅडल मारून दाखवले. पोह्यांच्या बशा टेबलावरून हळूहळू चालू लागल्या.

"बल्ब कुठं लागते?"

"लागत नाही."

"मंग इतकी वीज जाते कुठं?"

"घामात."

शालिकरामांनी समितीकडे पाहिलं. समितीनं शेषरावांच्या बनियनकडे पाहिलं. बराच खल झाला. एक सभासद म्हणाला की एकशे बेचाळीसमध्ये तर एक धड पाण्याची मोटरही फिरत नाही, तेव्हा समितीनं घाबरण्याचं कारण नाही; हे वाक्य शेषरावांना बाकी सगळ्या प्रकारापेक्षा जास्त लागलं. अखेर ठराव झाला: पीठ निघत नाही म्हणून ही चक्की नव्हे, दिवा लागत नाही म्हणून हे वीजघर नव्हे, तेव्हा अर्जदारानं खाली गादी घालून, संध्याकाळच्या चहानंतर, तासभर हा उद्योग करावा. जाताना शालिकराम हळूच म्हणाले, "बाकी शेषरावजी, या वयात कावून जीव काढून राहिले?"

"साडू," शेषराव म्हणाले.

शालिकरामांनाही साडू होता. त्यांनी समजून मान हलवली, आणि गादी स्वतःच्या घरून पाठवून दिली.

मग खरी मेहनत सुरू झाली. भाग्यश्री फोनवरून गुरुमंत्र द्यायची. वय वाढलं की झटक्यानं जोर लावणारे स्नायू आधी झिजतात, म्हणून नुसतं तासन्‌तास सायकल मारून भागत नाही. वजनं उचलायची, थोडा वेळ पण कडक जोर लावायचा, आणि मग भरपूर आराम. शेषरावांनी पहिले दोन मुद्दे लक्षात ठेवले. वजनासाठी त्यांनी रिकामं गॅस सिलिंडर छातीशी धरून उठाबशा सुरू केल्या. एकदा नेमका त्याच वेळी सिलिंडरवाला भरलेलं सिलिंडर घेऊन दारात आला, आणि वाकून गुडघे थरथरवत उभ्या असलेल्या शेषरावांना पाहून म्हणाला, "रहने दो अंकल, मैं ले जाता हूँ." त्यानं ते हातातून काढून खांद्यावर टाकलं, आणि दोन जिने शीळ घालत उतरून गेला.

सल्ला द्यायला अख्खा सेक्टर तयार होता. कोणी भिजवलेले हरभरे सांगितले, कोणी प्राणायाम. अरुणकुमारांनी मात्र कुठंतरी वाचलं होतं, की बीटाच्या रसानं दम वाढतो, आणि यात खरंच तथ्य आहे असं भाग्यश्रीही म्हणाली. शेषरावांनी अर्धाच ग्लास घ्यायचा सोडून पातेलंभर रस प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरातून बाहेर आले ते पांढरेफटक पडून. जे पाहिलं ते लालभडक होतं. कांताबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. नुसतं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू माह्यासाठी लय केलं व."

"मले काय झालं?" कांताबाई घाबरल्या.

ते एकटेच सेक्टर नऊच्या दवाखान्यात गेले. रांगेत बसल्या बसल्या त्यांनी सगळ्या जगाला क्षमा केली. साडूलासुद्धा, जरा विचार करून. आत एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी त्यांची सगळी कहाणी मान खाली घालून ऐकली आणि विचारलं, "अंकल, कल चुकंदर खाया था क्या?"

लाल रंग बीटाचा होता. शेषरावांनी बाहेर येताच जगाला केलेली क्षमा मागे घेतली.

पुढं एक विचित्र गोष्ट झाली. दोन महिन्यांत आकडा एकशे साठच्या घरात गेला होता. तो अचानक घसरायला लागला. शेषराव जितका जोर लावत तितका तो खाली जाई. त्यांनी पॅडल तपासले, बॅटरी बदलली, यंत्र बिघडल्याचा निष्कर्ष काढला. भाग्यश्रीनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "पप्पा, आराम कधी केला होता?"

"आराम कशाले? मी काय बिमार हावो?"

"साठीच्या जवळच्या शरीराला भरून यायला वेळ लागतो. रेस्ट भी ट्रेनिंग है, पप्पा! आता आठवडाभर सायकलीला हात लावायचा नाही."

शेषराव दिवाणावर पडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं काम काहीही न करता करायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळच्या चहानंतर वरचा घरघराट झाला नाही, तेव्हा शालिकरामांच्या मनात पाल चुकचुकली. ते वर आले, शेषरावांना आडवं पाहिलं, आणि हळू पावलांनी खाली गेले. दुसऱ्या दिवशी अरुणकुमार शहाळं घेऊन आले. तिसऱ्या दिवसापासून रीघ लागली. सफरचंदं, ग्लुकोजच्या पुड्या, कोणत्याशा बाबांचा अंगारा. प्रत्येकाला "मले काहीच झालं नाही, मी आराम करून राहिलो," असं सांगता सांगता शेषरावांचा घसा बसला, आणि बसलेल्या घशानं हे वाक्य इतकं केविलवाणं ऐकू येई, की बायका डोळ्यांना पदर लावत.

अखेर गुलाबराव आणि शीलाही आले. गुलाबरावांचा चेहरा खरोखर उतरला होता. "साडभाऊ," ते हात हातात घेऊन म्हणाले, "ते टेम्पोचं मी मजाकमध्ये बोललो होतो. मनाले लावून घेऊ नका जी."

शेषरावांना भरून आलं. अगदी क्षणभर. मग त्यांचं लक्ष साडूच्या पिंडऱ्यांकडे गेलं आणि मनात एक विचार आला. "गुलाबराव, जरा या सायकलवर बसून पाहा नं. गंमत दाखवतो."

भोळ्या गुलाबरावांनी बूट काढून वीस मिनिटं सायकल मारली. आकडा आला एकशे सव्वीस. शेषराव दिवाणावरून टुणकन उठले. आजारपण पाहायला आलेल्या शीलानं कपाळाला हात लावला. शेषरावांनी तिथल्या तिथं भाग्यश्रीला फोन करून, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबून, ही आनंदाची बातमी दिली.

"बढिया," भाग्यश्री म्हणाली. "काकांचं वजन किती?"

"सत्तावन्न," गुलाबराव म्हणाले.

"आणि पप्पा, तुमचं?"

शेषरावांनी पोट आत ओढलं.

"ब्याऐंशी," कांताबाई आतून म्हणाल्या.

"मग चढावर काका पुढे जातील. नुसते वॅट पाहून काय होतं? किलोमागे किती, ते पाहायचं असतं. पप्पा, तुम्ही जास्त ताकद लावता, पण जास्त ओझंही तुम्हीच नेता ना!"

गुलाबरावांना यातलं फारसं समजलं नाही, पण आपण पुढे जाऊ एवढं समजलं. ते सायकलवरून उतरता उतरता विचारात पडले. आणि पुढच्याच आठवड्यात शीलाचा कांताबाईंना फोन आला: "ताई, यांनी बी शर्यतीत नाव देल्लं. नवी सायकल घेऊन राहिले. तुमच्या घरून आले तवापासून जमिनीवर पाय नाही त्यांचा."

शर्यतीच्या सकाळी राजहऱ्याकडच्या डोंगरात कडाक्याची थंडी होती. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना उंच सालवृक्ष. पंचावन्नच्या वरच्या गटात चारच जण होते: दोघे साडू, राजनांदगावचे एक निवृत्त पी.टी. मास्तर आणि बालोदहून आलेले एक गोरेगोमटे ठेकेदार. बक्षिसं तीन. म्हणजे फक्त एकालाच रिकाम्या हातानं जायचं होतं, आणि तो कोण असेल याबद्दल दोघा साडूंचं एकमेकांबद्दल ठाम मत होतं.

भाग्यश्रीनं वडिलांना एकच सांगितलं. "चढावर दीडशेच्या वर जायचं नाही. कोणीही पुढे जाऊ दे. पडद्यावर लक्ष ठेवा."

शिट्टी झाली आणि गुलाबराव सुटले ते गाडी उशिरानं धावत असल्यासारखे. मास्तर गेले, ठेकेदार गेले, मागून सुटलेली तरुण पोरं "साइड, अंकल, साइड!" करत गेली. शेषराव दीडशेवर कायम राहिले. आज्ञाधारकपणाचं त्यांना इतकं भरतं आलं, की पडद्यावरून त्यांनी नजर म्हणून हलवली नाही. त्यामुळे झाडाला बांधलेला बाण त्यांना दिसला नाही. वाट सपाट झाली, कोंबड्या ओरडल्या, तरी आकडा दीडशेच. आणि मग शेषराव, दीडशे वॅटनिशी, कोणाच्या तरी खळ्यातल्या धानाच्या पेंढ्यात शिरले.

पेंढ्यातून डोकं बाहेर काढलं तर समोर एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "कहाँ जाथस बबा? तोर संगवारी मन ओती गे हें," तिनं डोंगराकडे बोट दाखवलं. म्हणजे, तुझे सोबती तिकडे गेले. मग तिनं स्वतःच साखळीत गुंतलेला पेंढा ओढून काढला आणि शेषरावांना म्हशीला द्यावी तशी पाठीवर थाप देऊन वाटेला लावलं.

आता ते सगळ्यात मागे होते. पण पुढच्या चढावर जे झालं ते त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्या झटक्यात उधळलेली पोरं एकेक करून वाटेच्या कडेला सायकल धरून उभी होती, आणि ब्याऐंशी किलोचे शेषराव, तोंडात पेंढ्याची काडी, एका लयीत त्यांच्याजवळून चालले होते. "वाह अंकल!" कोणीतरी म्हणालं. शेषरावांनी तोंडातली काडी तेवढी हलवली. दम होता, पण बोलण्याचा खर्च हिशोबात धरलेला नव्हता.

माथ्याजवळ एका दगडावर गुलाबराव बसले होते. एक पाय ताठ, दोन्ही हातांनी पिंडरी धरलेली, डोळ्यांत पाणी. इंजिनात लघवीची सोय नसते म्हणून या माणसानं नोकरीभर ड्युटीवर पाणी प्यायचं टाळलं होतं, आणि ती सवय आजही पाळली होती. सकाळपासून घोटभरही पोटात नव्हतं.

"जा, साडभाऊ, जा," गुलाबराव म्हणाले. "मी बसतो."

शेषराव गेले. वळणापर्यंत गेले. पंगत डोळ्यांपुढे आली, जिलबी आली. मग आपल्याला आजारी समजून हात हातात घेणारे गुलाबरावही आले, ते उतरलेलं तोंड आलं. शेषरावांनी स्वतःला, साडूला आणि सायकलचा शोध लावणाऱ्याला एकेक शिवी दिली आणि मागे वळले. आपली मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली त्यांनी गुलाबरावांच्या तोंडाला लावली, मांडी घालून बसले आणि पिंडरी चोळू लागले.

"हळू, हळू! अरे बापरे!"

"ओरडू नका. इंजिन हाकलं का घसरगुंडी?"

गोळा उतरला. दोघं उठले. उतार दोघांनी मिळून पार केला, कधी हे पुढे तर कधी ते, आणि खालचं मैदान दिसू लागलं तेव्हा गुलाबराव भावनाविवश होऊन म्हणाले, "साडभाऊ, आपण संगच जाऊ. चाकाले चाक लावून. कोणी मांगं नाही, कोणी समोर नाही."

"हो जी," शेषराव म्हणाले. "इतक्या सालांचं नातं हाये."

मंडपात कांताबाई, शीला आणि भाग्यश्री उभ्या होत्या. दोघं खांद्याला खांदा लावून येताना पाहून शीलानं बहिणीचा हात दाबला. इतक्यात माइकवाला ओरडला, "पचपन प्लस में दो राइडर आ चुके हैं! तीसरा स्थान अभी खाली है! अभी खाली है!"

दोघांनी ऐकलं. शेषरावांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडे पाहिलं. गुलाबरावांनी उजवीकडे पाहिलं.

आणि दोघंही एकदमच सुटले.

पॅडलवर उभे राहून, दात विचकत, "ए! ए! संग म्हणलं होतं नं!" असं एकमेकांवर ओरडत दोन म्हातारे मैदानातून जे आले, त्याला शर्यत म्हणावं की भांडण हे पंचांनाही ठरवता येईना. भाग्यश्री "पप्पा! काका!" करत दोघांच्या नावानं किंचाळत होती. पडद्याकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं. शेषरावांचं पुढचं चाक फितीवर गेलं तेव्हा गुलाबरावांचं चाक त्याच्या फक्त हातभर मागे होतं.

भाग्यश्रीनं नंतर पडद्यावर पाहिलं. त्या शेवटच्या क्षणांत आकडा सहाशेच्या वर गेला होता.

बक्षिसासाठी नाव पुकारलं. शेषराव रुबाबात लाकडी चौथऱ्याकडे चालू लागले. तिसऱ्या क्रमांकाची पायरी चढायला पाय उचलला, आणि सहाशे वॅटचा हिशोब मांडीनं एकाच झटक्यात मागितला. गोळा असा आला की ते जागच्या जागी वाकडे झाले. ना वर जाता येईना, ना खाली. तेव्हा गर्दीतून लंगडत गुलाबराव आले, त्यांनी शेषरावांच्या बगलेत हात घातला, "चाला, साडभाऊ," म्हणाले आणि त्यांना ओढून वर उभं केलं. सोडलं तर पडतील म्हणून स्वतःही तिथंच उभे राहिले.

त्यामुळे फोटोत चार जण आले. पहिल्या पायरीवर मास्तर, दुसऱ्या पायरीवर ठेकेदार, आणि तिसऱ्या पायरीवर दोघं: ताठ मानेनं, प्रसन्न मुद्रेनं, छाती काढून उभे असलेले गुलाबराव, आणि त्यांच्या काखेत लोंबकळणारे, गळ्यात पदक घातलेले, चेहरा पिळवटलेले शेषराव.

"अजी, हसा नं जरा!" कांताबाई खालून ओरडल्या. "फोटो काढून राहिले!"

"हसूनच राहिलो व!" शेषराव दात आवळून म्हणाले.